जंताची गोळी कशाला, आणि ती पुन्हा पुन्हा का?

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हिंदीत निरोप येतो, "कल कृमि मुक्ति दिवस है, बच्चों को नाश्ता कराके भेजें." पाचच मिनिटांत आयांच्या वेगळ्या ग्रुपवर मराठी-हिंदीची खिचडी शिजायला लागते. द्यायची का गोळी? न तपासताच? मागच्या वेळी कुणाला तरी उलटी झाली होती ना? आमच्या बिल्डिंगमधल्या एका वहिनींनी तर मला जिन्यातच गाठलं. "सर, तुम्ही बायोलॉजी शिकवायचात ना? मग सांगा, इंदूर स्वच्छतेत दरवर्षी पहिलं येतं, तर आमच्या पोरांच्या पोटात जंत येतात कुठून?"

प्रश्न चोख आहे. जिन्यात उभ्या उभ्या उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

जंत म्हणजे कोण कोण

आतड्यात राहून आपल्यावर जगणारे किडे म्हणजे जंत. सरकारी कागदावर त्यांना कृमी म्हणतात. शाळेतली गोळी प्रामुख्याने तिघांसाठी असते. पहिला गोल जंत. हा गांडुळासारखा दिसतो, रंगाने फिकट, लांबी वीतभर किंवा त्याहून जास्त. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात फॉर्मालिनच्या बरणीत एक होता, आणि दरवर्षी नव्या वर्गातलं कुणीतरी बरणीपासून चार पावलं लांब उभं राहून विचारायचंच, "सर, हा मेलाय ना?" दुसरा चाबूकजंत, तीन ते पाच सेंटिमीटरचा, एका टोकाला चाबकाच्या वादीसारखा बारीक. तिसरा अंकुशकृमी, जेमतेम एक सेंटिमीटरचा. तो आतड्याच्या आतल्या अस्तराला तोंडाने चिकटतो आणि रक्त पितो. आकाराने सर्वांत लहान, पण खोडीने मोठा.

या तिघांचा प्रसार मातीतून होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे दीडशे कोटी लोकांच्या पोटात यांतला कुणी ना कुणी आहे. रात्री मुलांना खाजवायला लावणारा बारीक पांढरा जंत हा चौथा. त्याची तऱ्हा वेगळी असल्यामुळे त्याच्याकडे शेवटी येतो.

अंडी पोटात, अढी मातीत

बहुतेकांची समजूत अशी की जंत एकदा पोटात शिरले की उंदरांसारखे आत वाढत जातात. तसं होत नाही. सगळा विषय या एका गोष्टीवर उभा आहे.

गोल जंताची मादी दिवसाला साधारण दोन लाख अंडी घालते. आकडा ऐकून पोटात गोळा येतो. पण त्यातलं एकही अंडं त्याच पोटात उबत नाही. सगळी शौचावाटे बाहेर पडतात, आणि बाहेर पडताना ती कच्ची असतात. आंबा झाडावरून उतरवला की लगेच खात नाहीत, अढीत घालतात. तशी या अंड्यांची अढी मातीत लागते. ओलसर, उबदार, सावलीतल्या मातीत दोन ते चार आठवडे गेले की आत अळी तयार होते, आणि मगच ते अंडं कुणाच्या पोटात गेलं तर कामाचं. म्हणजे ताज्या विष्ठेपेक्षा महिन्याभरापूर्वी कुणी आडोशाला बसून गेलेली जागा जास्त धोक्याची, कारण आता तिथे काहीच दिसत नाही. पोरं खुशाल गोट्या खेळतात.

पिकलेलं अंडं नखांतून, न धुतलेल्या मुळ्यातून किंवा मातीत पडलेल्या बिस्किटावरून तोंडात गेलं की लहान आतड्यात फुटतं. आतली अळी सरळ तिथेच राहील तर बरं, पण नाही. ती आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतातून फुप्फुसात जाते, तिथून श्वासनळीने घशापर्यंत चढते आणि गिळली जाऊन पुन्हा आतड्यात उतरते. एवढी तीर्थयात्रा कशासाठी, हे मला शिकवतानाही नीटसं पटवून देता आलं नाही. फुप्फुसातून जाताना काही मुलांना खोकला येतो, धाप लागते. अंडं गिळल्यापासून मादी स्वतः अंडी घालू लागेपर्यंत दोन ते तीन महिने लागतात, आणि मग ती वर्ष-दोन वर्षं जगते.

अंकुशकृमीला तोंडाची वाटही लागत नाही. त्याची अळी मातीतच अंड्याबाहेर येते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत घुसते.

म्हणून हिशेब सरळ आहे. मुलाच्या पोटात बारा गोल जंत असतील, तर निदान बारा पिकलेली अंडी बाहेरून आत गेलेली आहेत. हे भाडेकरू घरात पोरं वाढवत नाहीत. प्रत्येक जण दारातून आलेला असतो.

मग त्रास किती?

चार-दोन जंत असले तर बहुतेक मुलांना काहीच कळत नाही. त्रास ओझ्यावर ठरतो, आणि ओझं सगळ्यांत सारखं वाटलेलं नसतं. चाळीस मुलांच्या वर्गात बहुतेकांकडे एकही नाही किंवा एखाद-दुसरा, आणि दोघा-तिघांच्या पोटात ढीग, असं चित्र जगभर दिसतं. त्या दोघा-तिघांची भूक मंदावते, पोट दुखतं, वजन वाढत नाही. फारच गोल जंत झाले तर त्यांचा गुंता आतड्यात अडकून ऑपरेशनची पाळी येते. जड चाबूकजंतात आव पडून मूल खंगतं.

अंकुशकृमीचा हिशेब करून पाहा. त्याच्या एका जातीचा एक जंत दिवसाला साधारण ०.०३ मिलिलिटर रक्त घेतो, म्हणजे थेंबाहूनही कमी. पण असे शंभर असले तर रोज ३ मिलिलिटर आणि महिन्याला ९० मिलिलिटर, म्हणजे जवळपास चहाचा एक कप. दुसरी जात याच्या कित्येक पट खादाड आहे. ज्या मुलाच्या ताटात आधीच लोह कमी, त्याला हे परवडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत मध्य प्रदेशातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ७२.७ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. याचं सगळं खापर जंतांच्या डोक्यावर फोडणं चूक होईल. मोठा वाटा आहाराचा आहे. पण भोक पडलेल्या बादलीत नुसतं पाणी ओतत राहण्यात काय हशील?

पहिल्या नंबरच्या शहरात जंत कुठून?

आता वहिनींचा प्रश्न. २०१७ पासून इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात सलग अव्वल येतंय, आणि त्याचा मला अभिमान आहे. सकाळी कचरागाडी आली नाही तर आम्हा रिटायर्ड मंडळींना चुकल्यासारखं होतं. पण रस्त्यावर कचरा नसणं आणि मातीत अंडी नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोल जंताच्या अंड्याचं कवच चिवट असतं. मातीत ते कित्येक महिने, कधी कधी काही वर्षं टिकतं. नळाच्या पाण्यात घालतात तेवढ्या क्लोरीनने ते मरत नाही. पाणी उकळलं की मरतं.

शिवाय मुलं शहराच्या हद्दीत बांधलेली नसतात. उन्हाळ्याच्या सुटीत ती मामाकडे धार-खरगोनच्या शेतावर जातात आणि महिनाभर पायांत चप्पल घालत नाहीत. शहरातही बांधकामाच्या साइटवर राहणाऱ्या मजुरांच्या मुलांना संडास मिळतोच असं नाही. भाजी तर सगळीकडूनच येते. आपले इंदुरी पोहे बघा, वाफेवरचे असतात, त्यांची भीती नाही. पण वरून घातलेली कच्ची कोथिंबीर नुसती झटकून चिरली असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. सेव आणि जिरावण निर्दोष!

आणखी एक सवय, जी चांगल्या घरांतही दिसते. तान्ह्या बाळाची शी "निर्मळ" समजून अंगणाच्या कोपऱ्यात टाकतात. रांगत्या मुलाच्या पोटातही जंत असू शकतात, आणि त्याची अंडी मोठ्यांच्या अंड्यांइतकीच पिकतात. ती संडासातच गेली पाहिजे.

तरीही एक कबूल करतो. पक्क्या फरशीच्या, घरात संडास असलेल्या, बूट घालून शाळेत जाणाऱ्या मुलाला जंत असण्याची शक्यता नाल्याकाठच्या वस्तीतल्या मुलापेक्षा पुष्कळच कमी आहे.

गूळ, दात खाणे आणि गालावरचे चट्टे

"गूळ खाऊ नको, जंत होतील" हे ऐकल्याशिवाय कुठलंही मराठी बालपण पार पडत नाही. गुळात किंवा साखरेत जंत नसतात आणि ते गोडातून जन्मतही नाहीत. मातकट हाताने गुळाचा खडा खाल्ला तर दोष हाताचा. गोड कमी द्यायला दातांचं कारण पुरेसं आहे.

झोपेत दात खाणारी पुष्कळ मुलं जंतांशिवायही दात खातात. गालावरचे फिकट पांढरे चट्टे बहुधा कोरड्या त्वचेचे असतात आणि वयाबरोबर जातात. त्यांचा जंतांशी संबंध लावून दर महिन्याला दुकानातून जंताचं औषध आणणारी घरं मला माहीत आहेत. त्यांनी ते थांबवावं.

न तपासता औषध का?

एरवी हा आक्षेप अगदी रास्त ठरला असता. इथे उलटं गणित आहे. जंत शोधायला शौच तपासावं लागतं. हलकी लागण एका नमुन्यात अनेकदा हुकते, आणि लाखो मुलांचे नमुने गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं गोळीपेक्षा किती तरी महाग पडतं. गोळी मात्र स्वस्त आहे, आणि ज्याच्या पोटात जंत नाहीत त्यालाही तिच्या एका डोसाने सहसा अपाय होत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की एखाद्या भागातल्या २० टक्के किंवा जास्त मुलांना लागण असेल तर वर्षातून एकदा, आणि निम्म्याहून अधिकांना असेल तर दोनदा, सगळ्यांनाच गोळी द्यावी. आपल्याकडे राष्ट्रीय कृमिमुक्ती दिन फेब्रुवारी २०१५ पासून सुरू झाला. मूळ तारखा १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, पण राज्यांच्या सोयीने त्या पुढेमागे होतात. एक ते एकोणीस वर्षांपर्यंतच्या मुलांना ती शाळेत आणि अंगणवाडीत मिळते.

गोळीचं नाव अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅमची. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून पाण्यात. त्यापुढे सगळ्यांना अख्खी, तीन वर्षांपर्यंत चुरून आणि मोठ्यांना चावून. "पहिलीतल्या पोरीला आणि बारावीतल्या दांडग्याला एकच डोस?" असं वहिनींच्या यजमानांनी विचारलं. ते बँकेत होते, आकड्यांना पक्के. पण हे औषध मुलाच्या रक्तात फार थोडं जातं. आपलं काम ते आतड्यातच करतं. ते द्यायचंय जंतांना, आणि जंत दोघांच्या पोटात सारखाच असतो. गोळीमुळे जंताला साखर शोषून घेता येत नाही आणि तो दोन-तीन दिवसांत उपासमारीने मरतो. आमच्या लहानपणी औषधानंतर एरंडेल पाजून पोट धुऊन काढायचे. त्याची आता गरज नाही.

गोळी घेतली आणि मूल आजारी पडलं

काही मुलांना मळमळतं, पोट दुखतं, एखादी उलटी होते. ज्यांच्या पोटात ओझं जास्त त्यांना हे जास्त होतं आणि बहुधा काही तासांत निवळतं. मूल सावलीत बसवावं, पाणी द्यावं. शंभर मुलांच्या हॉलमध्ये एकाला उलटी झाली की शेजारच्या चौघांना मळमळू लागतं, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. ताप असलेल्या, आजारी किंवा दुसरं औषध चालू असलेल्या मुलाला त्या दिवशी गोळी देऊ नये. राहिलेल्यांसाठी आठवड्याभरात आणखी एक दिवस ठेवलेला असतो. आणि मुलाला फिट्स येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं. क्वचित फिट्सचं कारण मेंदूतल्या पट्टकृमीच्या (फितीसारख्या चपट्या जंताच्या) गाठी असतं, आणि या औषधाने तिथे सूज येऊ शकते. रडणाऱ्या लहान मुलाला आडवं पाडून अख्खी गोळी तोंडात कोंबू नये, ती श्वासनळीत अडकण्याची भीती असते.

परत होतातच, तर उपयोग काय?

हा सगळ्यांत वजनदार आक्षेप, आणि यावर मोठमोठे संशोधक हातघाईवर आलेले आहेत.

केनियात १९९८ पासून ७५ शाळांमध्ये एक प्रयोग झाला. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. जंतांचं औषध दिलेल्या शाळांत मुलांची गैरहजेरी चौथ्या हिश्श्याने घटली होती. हेच क्रेमर २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांच्याबरोबर नोबेलचे मानकरी झाले. पण २०१५ च्या सुमारास इतरांनी तेच आकडे पुन्हा तपासले आणि भलताच वाद पेटला. त्याआधी आपल्या उत्तर प्रदेशात एक ते सहा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांवर पाच वर्षं प्रयोग झाला होता. दर सहा महिन्यांनी गोळी दिली. २०१३ मध्ये निकाल छापून आले तेव्हा मुलांच्या वजनात किंवा मृत्यूंत फारसा फरक दिसला नाही. अनेक अभ्यास एकत्र करणाऱ्यांचाही सूर असाच निघाला की सरसकट सगळ्यांना गोळी दिल्याने सरासरी वजन, हिमोग्लोबिन किंवा मार्क विशेष वाढत नाहीत.

मग गोळी फुकट गेली का? सरासरी या शब्दाकडे नीट बघा. चाळीस मुलांच्या वर्गात तिघेच उपाशी आलेत. तुम्ही सगळ्यांना एकेक लाडू दिलात आणि मग पूर्ण वर्गाची सरासरी भूक मोजलीत, तर ती जेमतेम हलेल. त्या तिघांना विचारलंत तर उत्तर वेगळं मिळेल. जंतांचं ओझं असंच थोड्यांच्या वाट्याला येतं, आणि ते थोडे कोण हे चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. माझं मत विचाराल तर गोळी द्यावी. पण "बुद्धी वाढेल, उंची वाढेल" असली पोस्टरवरची आश्वासनं मनावर घेऊ नयेत.

आणि हो, जंत परत होतात. गोळीने घर रिकामं झालं, दार उघडंच राहिलं. मातीत अंडी असतील तर काही महिन्यांत नवे भाडेकरू हजर. त्यातून चाबूकजंत एका डोसाला फारशी दाद देत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात गोल जंत होते. तिथे शाळांतून तपासणी आणि औषधं सुरू झाली, पण त्याबरोबर शेतात मानवी मैल्याचं खत घालणंही थांबत गेलं. १९७० च्या दशकापर्यंत जंत नावापुरते उरले. आयुर्वेदाने हे आधीच ओळखलं होतं. कृमींवर आधी अपकर्षण, म्हणजे ओढून काढणे. मग ते जिथे फोफावतात ती परिस्थिती मोडणे. आणि मग निदान-परिवर्जन, म्हणजे मूळ कारणच टाळणे. आपण पहिल्यावर थांबतो.

कारण टाळणं म्हणजे फार काही नाही. नखं कापलेली, संडासाहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात (साबण अंडी मारत नाही, चोळून काढून टाकतो, म्हणून चोळणं महत्त्वाचं), कच्ची भाजी दोन-तीन पाण्यांतून, मातीत खेळताना पायांत काहीतरी.

आणि आमचं वावडिंग?

बाळाला वावडिंग घालून उकळलेलं पाणी देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पाणी उकळतं, हा त्यातला नक्कीचा फायदा. वावडिंगात जंतांवर चालणारे गुण सांगितलेले आहेत, पण घरच्या चिमूटभर डोसाने किती जंत जातील याचा भरवसा देता येत नाही. ते द्यायचं तर द्या. गोळीच्या बदली धरू नका.

रात्री खाजवणारा चौथा

हे सगळं ऐकून घेतल्यावर वहिनींनी मूळ गोष्ट काढली. धाकटा रात्री झोपेत रडतो, मागे खाजवतो. घरी कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, चुन्ने झालेत.

मावशींचं निदान बहुधा बरोबर होतं. हा सुताकृमी, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्याएवढा. वर सांगितलेला अढीचा नियम तो पाळत नाही. मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवती हजारो अंडी घालते, आणि ती चार-सहा तासांतच तयार होतात. माती लागत नाही. मूल खाजवतं, अंडी नखांत, नखं तोंडात. चादरीवर, उशीवर, खेळण्यांवर ती दोन-तीन आठवडे टिकतात, म्हणून एकाला झालं की घरभर फिरतं. पहिल्या नंबरचं शहर आणि फरशीचं घर याला अडवत नाही.

औषध तेच चालतं, पण ते जंतांना मारतं, अंड्यांना नाही. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस. सकाळी उठल्या उठल्या मुलाला आंघोळ, चड्डी रोज बदललेली, चादरी गरम पाण्यात. त्या उचलताना झटकायच्या नाहीत, नाहीतर अंडी खोलीभर उडतात. आणि गोळी घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायची, डॉक्टरांना विचारून, गरोदर बाई सोडून.

"सगळ्यांनी? सासूबाईंनीसुद्धा?"

सासूबाईंनीसुद्धा.

"आणि हे?"

यजमान बाल्कनीत पेपर वाचत होते. पेपर थोडा वर गेला.